साहेबांच्या आवाजात

३० ऑगस्ट

तोंड उघडलं की माझं काहीतरी बिघडतं, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलंय. कॉलेज असंच गेलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात भर वर्गात सरांना विचारलं, हे तुम्हाला स्वतःला कळतं का, का नुसतं वाचून दाखवताय. खरंच विचारलं होतं. ते म्हणाले, माफी माग. मी बॅग उचलली. आई अजून लोकांना सांगते, आमच्या ऋतुराजचं शेवटचं वर्ष चालूय.

आज पाण्याचा दिवस होता. चिकलठाण्याच्या या कॉलनीत आठ-दहा दिवसांनी पाणी सुटतं, आणि त्या दिवशी कुणी कामावर जात नाही, कुणी लग्नाला जात नाही. कुणी वारलं तरी लोक आधी ड्रम भरतात, मग पोहोचवायला जातात. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं आम्हाला धार चांगली. गल्लीच्या टोकाला दांडगे काकांचं घर. त्यांच्या नळाला नुसती हवा. आधी सूं, मग फुसफुस, मग कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसं बराच वेळ, आणि मग काहीच नाही. त्यांची मुलगी मंजुषा तरी बादली लावून बसते. आजही बसली होती, हनुवटी गुडघ्यावर टेकवून.

मी आमच्या नळाचा पाइप त्यांच्यापर्यंत ओढला. दांडगे काका बाहेर आले आणि म्हणाले, "राहू दे रे. किती दिवस दुसऱ्याच्या दारातून पाइप आणायचा? दिवाळी झाली की जातो आम्ही सिल्लोडला. भावाच्या बोअरला पाणी आहे. मंजूचं पण तिकडंच बघतो."

मंजूचं पण तिकडंच बघतो. हे त्यांनी पाइपच्या गळतीवर फडकं गुंडाळत सांगितलं.

टोकाच्या नळाला दिवाळीच्या आत पाणी आलं पाहिजे. बास.

२ सप्टेंबर

तात्यासाहेबांच्या ऑफिसात काम मिळालं. साहेब म्हणजे आमच्या भागातले भावी महापौर. निवडणूक इतक्यांदा पुढं गेलीये की 'भावी' हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग झालाय. जालना रोडवर त्यांचे फ्लेक्स असतात, फोटो जुना, मिशा काळ्या.

सगळा कारभार बद्रीनाथभाऊ बघतात. तोंडात बडीशेप, बोलणं हळू, माणूस समोर असला तरी त्याच्या मागं बघून बोलतात. मी गेलो ते टोकाच्या लाईनची तक्रार घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

"येतो."

"मग बस. तक्रार करणारे लई आहेत. काम करणारा नाय."

ऑफिसात बारा-पंधरा जण आहेत. जनसंपर्क वेगळा, पाणी कक्ष वेगळा, पाणी कक्षाच्या तक्रारींचा कक्ष वेगळा. मधल्या खोलीत साहेबांची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. तिच्यासमोरून जाताना सगळे किंचित वाकतात. मीही वाकलो, नंतर माझाच राग आला.

साहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. पुण्याला असतात. डॉक्टरनं बोलायला मनाई केलीये. पण लोकांना साहेबांचाच आवाज लागतो. म्हणून माझं काम असं, बद्रीनाथभाऊ मजकूर देणार, मी तो साहेबांच्या आवाजात करून पाठवणार. जुन्या भाषणांवरून आवाज बनवून ठेवलाय.

"हे साहेबांना चालतं?" मी विचारलं.

"साहेबांचीच इच्छा," बद्रीनाथभाऊ म्हणाले.

६ सप्टेंबर

आज एकशेकितीतरी वाढदिवसांच्या शुभेच्छा केल्या. आवाज फार गुळगुळीत येतो, ऐकणाऱ्याला संशय येईल, म्हणून मी मधे माझा खोकला घातला. स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड केला, साहेबांच्या आवाजाच्या वजनाला आणला. ऐकून बद्रीनाथभाऊंची बडीशेप चघळायची थांबली.

"असाच खोकायचे," म्हणाले.

मंजुषाला सांगितलं, ऑफिसात लागलो, तुमचं पाणी आणतो. ती म्हणाली, "तू आधी स्वतःचा शर्ट आण. काखेत उसवलाय." म्हणजे ती बघते.

१२ सप्टेंबर

आज टोकाच्या व्हॉल्व्हवर गेलो. गल्लीच्या वळणावर जमिनीत चेंबर आहे, त्यात चाक. ते चाक पूर्ण उघडलं की टोकापर्यंत दाब जातो. इतकंच काम आहे. दोन मिनिटांचं.

तिथं पाच जण उभे होते. चेंबरच्या कुलपाची किल्ली एका एजन्सीच्या माणसाकडं. कुलूप उघडल्याचा फोटो काढायला दुसऱ्या एजन्सीचा माणूस. फोटो बरोबर जागेवरून काढला का हे बघणारा तिसरा. चौथा कोण होता ते त्यालाही सांगता आलं नाही, त्याला सकाळी फोन आला होता म्हणून आला होता. पाचवे गयासभाई, व्हॉल्व्हमन. सायकलला चावी बांधून गेली वीस वर्षं या भागाचं पाणी तेच सोडतात.

"मग फिरवा ना चाक," मी म्हणालो.

"मैं फिराता," गयासभाई म्हणाले, "पण किती फिरवू? आधी मी मनानं फिरवायचो, लोक शिव्या घालायचे, काम चालायचं. मग तक्रार झाली, टाइमटेबल आलं. टाइमटेबलची तक्रार झाली, कमिटी आली. कमिटीचा अ‍ॅप आला. अ‍ॅपमधे या गल्लीला रोज पाणी आहे. देख." त्यांनी दाखवलं. हिरवा ठिपका. "आता ज्या गल्लीला रोज पाणी आहे, तिथं जास्तीचं सोडलं तर माझी नोकरी जाईल का नाय?"

"मग कोण सांगणार तुम्हाला?"

पाचही जणांनी एकाच वेळी सांगितलं, "साहेब."

साहेबांचा आवाज आला तरच चाक फिरतं. कायद्यानं साहेब कुणीच नाहीत. निवडूनही आलेले नाहीत. पण ते बोलले की किल्लीवाला, फोटोवाला, सगळे एकदम हलतात. त्यांच्याशिवाय कुणीच हलत नाही. बाकीची सगळी यंत्रणा त्यांच्या तोंडाकडं बघत उभी असते, आणि त्यांच्या घशाचं तर ऑपरेशन झालंय.

परत येताना गयासभाईंना विचारलं, साहेबांना शेवटचं कधी बघितलं. ते सायकलवर चढत म्हणाले, "भाई, तू नवा आहेस. नव्या माणसानं चहा प्यावा."

१७ सप्टेंबर

बद्रीनाथभाऊंनी साहेबांच्या घरी डबा पोहोचवायला पाठवलं. पितरांचे दिवस आहेत. साहेबांच्या पत्नी रत्नमाला वहिनीसाहेब गच्चीवर होत्या. कठड्यावर केळीच्या पानात वाढलेलं, वडे, खीर, आणि एका बाजूला मिरचीचा ठेचा. पितरांच्या पानात ठेचा मी पहिल्यांदा बघितला. म्हटलं, सासऱ्यांना आवडत असेल.

कावळे आले होते. समोरच्या टाकीवर ओळीनं बसले होते, पण पानाला एकही शिवत नव्हता. आई सांगते, मागं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी शब्द द्यायचा असतो. वहिनीसाहेब पानाजवळ वाकून हळू बोलत होत्या. "होऊ द्या की एवढी निवडणूक. लोकांनी सोडलं की मी पण सोडते. मी कुठं अडवलंय तुम्हाला."

कावळे तसेच बसले. तासभर. खीर उन्हात सुकून पिवळी झाली.

त्यांना मी दिसलो तेव्हा त्यांनी पदर सारखा केला. "तूच का तो खोकणारा?"

मी हो म्हणालो. त्या माझ्याकडं इतका वेळ बघत राहिल्या की मी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "एकदा बोल ना. काहीही बोल. रत्ना म्हण."

मी डबा ठेवून खाली आलो. मोठ्या लोकांच्या घरी विचित्रच वागतात. सासऱ्यांवर एवढी माया कुठल्या सुनेची असते?

२१ सप्टेंबर

केलं.

बद्रीनाथभाऊ जेवायला गेले होते. मी लिहिलं, "गयास, टोकाची लाईन आधी. पूर्ण फिरव. दांडगेंच्या घरी धार लागली पाहिजे." खोकला घातला. पाठवलं.

२२ सप्टेंबर

पाणी आलं. सकाळी टोकाच्या नळानं नेहमीसारखा श्वास घेतला, आणि मग खोकला. खरंच खोकल्यासारखा आवाज आला, मातकट पाण्याची एक गुळणी पडली, आणि मग धार. मंजुषा बादली सोडून उभी राहिली. तिच्या सलवारीचे काठ भिजले, तिनं ते वर केले नाहीत. दांडगे काका आत-बाहेर करत होते, भांडी कमी पडली, शेवटी कुंडीतली माती काढून कुंडी भरली.

मंजुषा मला म्हणाली, "तू केलंस?"

"साहेबांनी."

"साहेबांनी," ती म्हणाली. आणि तिचं हसू गेलं. कुठं गेलं, कशानं गेलं, मला कळलं नाही. एवढं पाणी आणून दिलं तरी.

१ ऑक्टोबर

नवरात्रात एकदा पाणी आलं, आज नाही. मी तडक गयासभाईंकडं गेलो, ते चेंबरवर बसून होते. मी आल्या-आल्या ओरडलोच. त्यांनी शांतपणे फोन पुढं केला.

"सकाळपासून तीन साहेब आले. सुन."

पहिला माझा. टोकाची लाईन आधी. मधे खोकला. दुसरा, "गयास, टोकाची लाईन बंद, शाळेमागची सोड." तोच आवाज, तोच खोकला, माझाच खोकला. म्हणजे माझ्या फाइलवरून कुणीतरी बनवलाय. त्या लाईनवर कुणाचं तरी बांधकाम चाललंय हे मला माहीत होतं. शिव्या देत ऐकत होतो, तेवढ्यात तिसरा लागला.

तिसऱ्यात खोकला माझा नव्हता. ओला, खोल, छातीतून येणारा. आवाज साहेबांचाच, पण दमलेला. "गयास, तू आहेस का तिथं? गयास, कुणी आहे का?" बास, एवढंच. मग बराच वेळ फक्त हवा, टोकाच्या नळातून येते तशी.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"साहेबांच्याच नंबरवरून. तिन्ही." गयासभाईंनी फोन खिशात घातला. "तिसऱ्याला मी उत्तर दिलं. म्हटलं, व्हय साहेब, आहे. देना पडता. वीस साल की पहचान है."

चाक अर्धवट फिरवलेलं होतं. पाणी टोकाला पण गेलं नाही आणि शाळेमागं पण नाही. कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. अ‍ॅपवर दोन्हीकडं हिरवा ठिपका.

४ ऑक्टोबर

बद्रीनाथभाऊंना सरळ विचारलं, साहेबांच्या आवाजात अजून कोण बोलतंय. मला वाटलं हाकलतील. त्यांनी मला खुर्चीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"प्रत्येकाकडं आहे," ते म्हणाले. "कंत्राटदाराकडं आहे, पाणी कक्षाकडं आहे, विरोधी गटाकडं तर आपल्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी पैसे घालून बनवलाय."

"मग साहेबांना सांगा ना. साहेब एकदा येऊ देत समोर, एकदा म्हणू देत, हे मी बोललो आणि हे नाही."

त्यांनी टॉवेलाची घडी नीट केली. "तुला खरंच माहीत नाय व्हय?"

"काय माहीत नाही?"

"साहेब गेले त्याला दीड वर्ष झालं. हैदराबादला. मी अग्नी दिलाय."

बाहेर कुणीतरी साहेबांना भेटायचं म्हणून भांडत होतं. बद्रीनाथभाऊ पुढं बोलत राहिले, पहिल्यांदाच माझ्याकडं बघून. "सांगणारच होतो. तेराव्याला सांगू म्हटलं. तेवढ्यात निवडणूक लागणार अशी बातमी आली, म्हटलं झाली की सांगू. ती पुढं गेली. दरम्यान माणसं कामं घेऊन यायची, कुणाला तरी हो-नाही सांगायला लागायचं. मी म्हणालो तर कोण ऐकतंय? साहेब म्हणाले की ऐकतात. मग एक-एक कक्ष वाढला. आता हे खाली ठेवायचं म्हटलं तरी कुणाचे हात मोकळे नायत. एकानं सोडलं की बाकीच्यांच्या अंगावर पडतं."

"लोकांना फसवताय तुम्ही."

"कुणाला? जा, विचार कुणालाही."

मी खुर्चीला लाथ मारली. ती चाकांवर होती, फिरत भिंतीपर्यंत गेली आणि आमच्याकडं तोंड करून थांबली. बद्रीनाथभाऊ पटकन उठून उभे राहिले. घाबरून नाही. साहेब आल्यावर उठतात तसे.

५ ऑक्टोबर

विचारलं. आईला विचारलं. ती कणीक मळत म्हणाली, "हो रे, बिचारे. चांगला माणूस होता. तू काम सोडू नको मात्र."

मंजुषाला विचारलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "सगळ्यांना माहितेय, ऋतू. मला वाटलं तुला माहीत असून तू करतोस. म्हणून त्या दिवशी..." तिनं एक टॉवेल दोनदा झटकला.

"मग कुणी बोलत का नाही?"

"बोलून काय? पप्पा म्हणतात, साहेब आहेत तोवर निदान कुणाला तरी फोन करता येतो."

मग ती म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहितोय, "तू सगळीकडं भांडतोस. एकदा इथं भांड ना. सगळ्यांसमोर सांग, साहेब गेले, आवाज मी काढतो. माणसं खरं बोलायला लागली तर पप्पांना मी थांबवते. आणि दुसरं पण सांगते."

"दुसरं काय?"

"मूर्खा," ती म्हणाली.

१२ ऑक्टोबर

कॉलनीची बैठक झाली, मारुतीच्या मंदिरासमोर, संध्याकाळच्या उन्हात. पाण्याचा विषय होता. अर्धी घरं बंद आहेत हे मला सगळे एकत्र बसल्यावर दिसलं. सतरंजीचा निम्मा भाग रिकामा होता आणि लोक मधे जागा सोडून बसले होते, जणू उरलेले येणारच आहेत. बद्रीनाथभाऊ पुढं बसले होते, हात मांडीवर. गयासभाई सायकलीला टेकून. मंजुषा बायकांत, सारजाबाईंच्या मागं.

मी उभा राहिलो. पहिल्यांदाच राग नव्हता, भीती होती. सांगितलं. तात्यासाहेब गेले. दीड वर्ष झालं. तुमच्या वाढदिवसांना मी बोलतो. खोकला माझा आहे. मी खोकून दाखवला.

कुणी एकमेकांकडं बघितलंही नाही. मंदिरातला पंखा ऐकू येत होता. मग सारजाबाईंनी, कॉलनीतल्या सगळ्यात जुन्या बाईनं, अगदी मायेनं विचारलं, "बरं बाबा. मग आता पाण्याचं साहेबांना कोण सांगणार?"

"सारजाबाई, साहेब नाहीत."

"ते कळलं रे. पण सांगायला तर पायजे ना कुणीतरी."

मी म्हणालो, आपण सांगू. आपण पन्नास माणसं आहोत, चाक ते समोर आहे, गयासभाई इथं आहेत. चला, कुलूप तोडू. आज टोकाला सोडू, उद्या शाळेमागं. आपलं आपण ठरवू. आकाश टेलर हलला असावा, मला वाटलं तो उठतोय. तो फक्त पाय मोकळा करत होता.

आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

कुणीतरी लावला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, थोडं मागं-पुढं, त्यामुळं एकच वाक्य सतरंजीवर लाटेसारखं फिरलं. "आपल्या ऋतुराजची तब्येत बरी नाही. पोरगं गुणी आहे. त्याला सांभाळून घ्या."

मी बद्रीनाथभाऊंकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते रडत होते.

लोक उठले. एकेक जण माझ्या पाठीवरून हात फिरवून गेला. सारजाबाई म्हणाल्या, डोक्याला तेल लाव. कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होऊन आलो होतो, भांडायला समोर कुणी उरलंच नाही. मंजुषा एकटी सतरंजीवर बसून होती. दांडगे काकांनी तिला हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा.

२५ ऑक्टोबर

काल सकाळी दांडगे गेले. छोट्या टेम्पोत सगळं मावलं, ड्रम सगळ्यात वर. काका मला म्हणाले, "तब्येतीला जप." मंजुषा पुढं बसली होती. टेम्पो वळताना तिनं मागं बघितलं, पण मधे ड्रम होते.

आज पाणी सुटलं. टोकाला सुटलं. इतका दाब मी जन्मात बघितला नव्हता. जाताना त्यांचा नळ उघडा राहिला होता, हवेच्या भरवशावर. कुलूप लावलेल्या घराच्या अंगणात धार पडत होती, फाटकाखालून पाणी गल्लीत येत होतं, आणि आम्ही सगळे आपापल्या दारात उभं राहून बघत होतो. आमच्या नळाला थेंब नव्हता.

"बंद करा कुणीतरी," मी म्हणालो.

शेजारचे म्हणाले, "राहू दे. साहेबांनी सोडलंय."

मी फाटकावरून उडी मारून नळ बंद केला. परत आलो तर लोक माझ्याकडं असं बघत होते, जणू मी देवघरात चपला घालून गेलो.

२८ ऑक्टोबर

ऑफिसला जात नाही. तरी रोज वाढदिवस जातायत, त्यात खोकला आहे. माझी जागा कुणी घेतली विचारायला गयासभाईंना फोन केला. ते म्हणाले, "कुणीच नाय. तुझी खुर्ची रिकामी आहे. बद्रीनाथनं टॉवेल टाकलाय तिच्यावर."

मंजुषाला रोज मेसेज करतो, बोलून. ती ऐकते, निळी खूण येते, उत्तर नाही. काल एकदा आलं. लिहिलेलं. "हा तू आहेस का?"

मी बोलून पाठवलं, मीच. तिनं लिहिलं, "सगळे असंच म्हणतात."

आवाजाचं आता काही खरं नाही. स्वतः जायला पाहिजे.

२ नोव्हेंबर

सिल्लोडच्या बसस्टँडवर बसून लिहितोय.

सकाळी निघालो. दांडगे काकांच्या भावाचं मक्याचं दुकान मोंढ्यात, धान्याच्या बाजारात आहे, मागं घर. काका पोत्यांवर बसले होते. मला बघून चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. आपण दार लावलेलं असताना आत कुणी दिसावं, तसं काहीतरी.

"तू कसा आलास?"

"बसनं."

"नाही, पण..." त्यांनी दुकानात इकडं-तिकडं बघितलं. "काल तर फोनवर म्हणालास, काका, माझ्या मनातून गेलंय, तुम्ही मंजूचं स्थळ बघा, माझी अडचण नाही. अर्धा तास बोललास. भावाची, माझ्या बीपीची, सगळ्यांची चौकशी केलीस. लई शांत. मी मंजूला म्हटलं, पोरगं सुधारलं."

मी म्हणालो, काका, मी फोन केलेला नाही.

"आवाज तर तुझाच होता."

मागच्या दारात मंजुषा येऊन उभी होती. हाताला पीठ. ती माझ्याकडं बघत काकांना म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं पप्पा. हा कधी कुणाशी एवढं नीट बोललाय?"

"मग मी ओळखायचं कसं?" काका म्हणाले. ते खरंच विचारत होते. वयस्क माणूस, रस्ता चुकल्यासारखा. "तिकडं साहेबांचं तसं. इथं तुझं असं. मला सांग ना, मी कुणाला विचारून ठरवू?"

माझ्या डोक्यात सगळं एकदम चढलं. सुटलोच. म्हणालो, कुणाला विचारता, मी समोर उभा आहे ना. मला तुमच्या पोरीशी लग्न करायचंय. नोकरी नाही, शर्ट उसवलेला आहे, कॉलेज सोडलंय, आणि तुम्ही साहेब मेलेले माहीत असून मला पाठीवर हात फिरवून तब्येतीला जप म्हणालात, त्याचा मला अजून राग आहे. आणि तुमच्या भावानं मघापासून माझ्या पायावर पोतं टेकवलंय, ते आधी काढा.

भावानं पोतं काढलं. मंजुषा पिठाच्या हातानं तोंड दाबून हसायला लागली, गालाला पांढरं लागलं. "हाच," ती म्हणाली. "हाच आहे तो."

काका मला कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि माझा दंड धरला. जरा दाबून बघितला, वांगं बघतात तसा. त्यांचा चेहरा सैल व्हायला लागला होता.

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला. आम्ही तिघांनी बघितलं. माझं नाव, माझा फोटो. माझा फोन माझ्या हातात होता, बसमधेच बंद पडलेला.

काकांनी माझा दंड सोडला नाही. पण फोन कटही केला नाही. त्यांचा अंगठा हिरव्या खुणेकडं सरकत होता, सवयीनं. इतकी वर्षं वरून फोन आला की उचलायचा, एवढंच त्यांना माहीत.

मंजुषानं तो त्यांच्या हातातून घेतला, मक्याच्या पोत्यावर पालथा ठेवला, आणि म्हणाली, "जेवायला चला. भाकरी गार होतेय."

आम्ही आत गेलो. काकांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं आणि माझ्या ताटात आधी वाढायला लावलं. दुकानात फोन वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. कुणीच उठलं नाही. काका मात्र प्रत्येक घासाला माझ्याकडं बघत होते, मी खाल्लेलं खाली जातंय का ते.